टाचेचा ब्रेक

आदिनाथने धनश्रीचा उजवा स्केट उलटा धरला आणि टाचेच्या रबरी ब्रेकवर अंगठा दाबला. अंगठा सर्रकन घसरला. त्याने तो नाकाशी नेला. करडीचं तेल!

धनश्री रस्त्याच्या कडेला मनगट धरून बसली होती. येलदरीच्या उतारावर तिने टाच टेकवली, ब्रेक धरलाच नाही आणि ती सरळ खडीच्या ढिगावर जाऊन आदळली.

"काल खंडेनवमी होती ना सर," ती हळूच म्हणाली. "आप्पांनी तराजूसंगं स्केटची बी पूजा केली. सगळ्याला तेल लावलं. रबर लय चमकायलंय म्हणले."

ब्रेकला तेल! जिंतुरात तेलाचे डबे विकत बसणाऱ्या माणसाची अक्कल आणखी किती धावणार? मुळात तो ब्रेकच आदिनाथच्या डोळ्यांत सलायचा. शर्यतीतली पोरं मागचा पाय आडवा घासून थांबतात. रबराचे ठोकळे लागतात भित्र्यांना. पण तिच्या आप्पांनी, गुरुसिद्धप्पांनी, बजावून ठेवलं होतं, ब्रेक काढायचा नाही आणि पोरगी जायबंदी झाली, की क्लास बंद. असल्या ठोंब्याच्या पोटी अशी पोरगी जन्मावी! इतक्या वर्षांत राज्य पातळीपर्यंत जाईल अशी ही एकच त्याच्या हाताला लागली होती.

कुणीतरी फोन केला असावा. स्कूटी रस्त्यातच आडवी टाकून गुरुसिद्धप्पा धावत आले. कपाळावरची विभूती घामाने ओघळली होती, एका पायात चप्पल नव्हती. त्यांनी पोरीचं मनगट हातात घेतलं.

"ब्रेक लागला न्हाई का, सर? कालच मी सगळं पुसून, तेल घालून ठेवलं होतं." ते अडखळले. "माझं काई चुकलं का?"

आदिनाथची जीभ शिवशिवली. एका वाक्यात चूक ज्याची त्याच्या पदरात पडली असती आणि पोरगी आपल्याकडे राहिली असती. त्याने त्यांच्या अनवाणी पायाकडे पाहिलं. आयुष्यभर पुरलं असतं ते वाक्य ह्या माणसाला.

"तुमचं काय चुकणार? ब्रेकचा स्क्रू मी सैल केलता," तो म्हणाला. "पुन्हा आवळायचा राहिला."

गुरुसिद्धप्पांच्या चेहऱ्यावरची भीती सरली. ते सावकाश उभे राहिले.

"लेकराच्या जिवाशी खेळता, आन् वर सर म्हणवून घेता?" ते बाजूला थुंकले. "पुन्हा आमच्या दारात येऊ नका."

"आप्पा, सरांनी न्हाई..."

"गप्प बस!" आदिनाथ तिच्यावर खेकसला. "नीट उभं ऱ्हायाची अक्कल न्हाई, आन् तोंड चालवायलीस. जा घरी."

धनश्री त्याच्याकडे बघतच राहिली. मग तिचे डोळे भरून आले आणि आप्पांचा हात धरून ती उठली.