तापाच्या साथीत मी काढलेली एक रेघ

मित्रांनो, मी एका लहान दवाखान्यातली ईसीजीची जुनी मशीन आहे. माणसाच्या हातापायांना माझे चार चिमटे लावतात, छातीवर सहा रबरी फुगे चिकटवतात आणि हृदय जसं चालेल तशी रेघ मी गुलाबी कागदावर काढते.

कारखान्यात माझी तपासणी करणाऱ्या बाईंनी मला आधी स्वतःलाच जोडलं होतं. रेघ पाहून त्या म्हणाल्या, "चला, दोघी ठणठणीत."

पुढे सोळा वर्षं मी इथे राबले. "म्हातारी खोटं बोलत नाही," असं डॉक्टरीणबाई माझ्याबद्दल सांगायच्या. पण तापाची साथ आली आणि मला कुणी विचारेना. बाकावर जागा पुरेना, ज्याला पाहावं तो खोकतोय. मला कोपऱ्यात ढकललं आणि माझ्यावर मास्कची खोकी रचली.

त्या गर्दीत एक गवंडी आला. ताप होता, छातीत दुखत होतं. "खोकून खोकून बरगड्या दुखतात," म्हणत डॉक्टरीणबाईंनी गोळ्या देऊन त्याला घरी पाठवलं. मी त्याच्यापासून चार हातांच्या अंतरावर उभी होते. दुसऱ्या दिवशी त्याचा भाऊ आला तो मृत्यूचा दाखला मागायला. त्या दिवसापासून डॉक्टरीणबाईंच्या आणि माझ्या जिवाला घोर लागला. बाकावर कुणी छातीवर हात ठेवला तरी मला धस्स व्हायचं.

आठवडाभराने, भर दुपारी, शिवणकाम करणाऱ्या एक आजी सुनेबरोबर आल्या.

"तापाचा चौथा दिवस आहे," सून म्हणाली. "सकाळपासून दरदरून घाम येतोय, आणि जबडा धरून बसल्यात."

"काही नाही हो, दाढ ठणकतेय. हिला उगाच काळजी."

"आई, त्या बाजूला तुम्हाला दाढच नाही."

रांगेतले दोघे हसले. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "सिस्टर, मशीन आणा," एवढंच म्हणाल्या.

खोकी उतरली. माझं एक चाक अडलं होतं, ते सिस्टरनी पायाने सरळ केलं. आजींना झोपवून चिमटे लावले. पण त्यांना खोकल्याची उबळ आली आणि माझी रेघ नुसती थरथरली. काहीच कळेना.

"आजी, जरा खोकला दाबा."

"दाबून दाबला जातो का तो मेला," आजी म्हणाल्या, पण त्यांनी श्वास धरला.

या वेळी रेघ नीट आली. जिथे तिने खाली बसायला हवं, तिथे ती उंचावलेलीच राहिली. डॉक्टरीणबाईंनी कागद हातात धरून पाहिला. मग सगळं झटपट झालं. रक्त पातळ करणारी गोळी आजींना चावून खायला दिली, मोठ्या रुग्णालयाला फोन केला, रुग्णवाहिका बोलावली.

"पण नुसता तापच होता ना?" सुनेने विचारलं.

"अशा तापाने शरीरात आतून सूज येते, रक्त गोठायला लागतं. हृदयाला रक्त पुरवणारी नळी आधीच अरुंद असेल तर ती बंद पडते. रक्ताची वाट तिथे अडलीय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

रुग्णवाहिकेला बावीस मिनिटं लागली. तोवर मी आजींना जोडलेलीच होते. मध्येच दोन ठोके वेडेवाकडे आले आणि सुनेने सासूबाईंचा हात घट्ट धरला. माझ्या कागदाच्या कडेला लाल पट्टी दिसू लागली, म्हणजे गुंडाळी संपत आली होती. दारात रुग्णवाहिका थांबली, आजींना नेलं. माझी रेघही त्यांच्याबरोबर गेली.

तीन दिवस काही कळलं नाही. चौथ्या दिवशी सुनेचा फोन आला. मोठ्या रुग्णालयात आजींची नळी उघडली होती.

पाचव्या आठवड्यात आजी स्वतःच्या पायांनी आल्या. मी पुन्हा रेघ काढली. चांगली होती, पण एका जागी खोल खाच राहिली होती. हृदयाचा तेवढा भाग गेला, तो आता परत येणार नाही. "सकाळीच यायला हवं होतं," आजी हळूच म्हणाल्या.

मित्रांनो, मी चालत कुणाच्या घरी जाऊ शकत नाही. तुमच्या घरात कुणी ताप-खोकल्याने पडलं असेल आणि छाती जड वाटते, जबडा किंवा हात दुखतो, धाप लागते, घाम फुटतो, असं म्हणालं, तर अशक्तपणा म्हणून सोडून देऊ नका. त्यांना वेळेवर घेऊन या. एखादी रेघ अगदी नेहमीसारखी, साधी निघाली, तर मला तेवढंच हवं असतं.