दिसत होते, पण जागे नव्हते

मी एक जुने बटण आहे, मित्रांनो. शर्टाचे नव्हे, एका नाट्यगृहाच्या वेबसाइटवरचे! निळाशार रंग आणि वर ठसठशीत अक्षरे: 'तिकीट घ्या'. मला घडवणारी ताई प्रोग्रामर. मला पाहून तिच्या ऑफिसात सगळे म्हणाले, "काय झटकन दिसतं हे!"

तिथेच तर गोम होती. पान उघडताच आधी माझे नुसते चित्र पोहोचायचे. माझ्यात जीव यायचा तो काही क्षणांनी. तोवर कोणी कितीही दाबा, मी ढिम्म! ताईला हे कधी कळलेच नाही, कारण ती पान उघडायची, चहाचा घोट घ्यायची आणि मग मला दाबायची. तेवढ्यात मी टुणटुणीत!

ताईचे बाबा मात्र घड्याळे दुरुस्त करणारे. त्यांचे बोट भारी चपळ. ताईची लेक पहिल्यांदाच नाटकात काम करणार होती. आजोबांनी पान उघडले, मी दिसताक्षणी मला दाबले आणि काम फत्ते समजून फोन खिशात टाकला. तिकीट निघालेच नव्हते, म्हणून नाट्यगृहाच्या दारावरून त्यांना परत फिरावे लागले. ताई तर कामामुळे ऑफिसातच अडकली होती. नात रंगमंचावरून त्यांनाच शोधत होती, हे ताई फोनवर सांगताना मी ऐकले. मला इतके वाईट वाटले म्हणून सांगू!

आता त्या नाटकाचा एकच प्रयोग उरला होता. ताई बाबांशेजारी बसली. "बाबा, कसं दाबलंत ते दाखवा बरं."

बाबांनी दाबले. ताई उडालीच! "अहो बाबा, ते अजून चित्रच आहे!"

"मग त्यानं तसं सांगायला नको का?" बाबा करवादले.

ताई कामाला भिडली. तिने मला स्वतःलाच विचारायला शिकवले: मी आत्ता चित्र आहे की जागे? चित्र असेन तोवर करडे राहायचे आणि 'जरा थांबा' म्हणायचे. जीव आला की निळे!

तिकीटविक्रीची सकाळ उजाडली. बाबांचे बोट माझ्यावर टपून बसले. करडे... करडे... निळे! टक्! ते बोट मी असे झेलले म्हणता! पुढच्या चौकटीत बाबांनी आकडा टाकला: दोन.

"दोन कशाला, बाबा?"

"एक तुझं. बटणाला जागं केलंस, आता तूही ऊठ त्या ऑफिसच्या खुर्चीवरून."

मित्रांनो, आम्हाला देखणे जरूर करा, पण आम्ही जागे आहोत की नाही, हे आधी विचारायला विसरू नका. प्रयोगाच्या संध्याकाळी ऑफिसातली ताईची खुर्ची रिकामी होती. मी एकटेच जागे होते, आणि मला त्याचा फार फार आनंद झाला.