न्वाकाने कुठली जागा दाखवली?

आमच्या वसतिगृहात नवी कादंबरी आली की तिची पहिली पूजा ब्लेडने व्हायची. सीनियर मुना ती मांडीवर पालथी घालायची, पाठीवरून ब्लेड फिरवायची आणि एका पुस्तकाचे सहा तुकडे करायची. मग प्रत्येक तुकड्याला जुन्या वहीचं कव्हर शिवलं जायचं. पुस्तक एक आणि वाचणाऱ्या वाघिणी साठ, दुसरं करणार काय? शिवाय बारीक तुकडा जीवशास्त्राच्या पुस्तकात बेमालूम बसतो, अख्खी कादंबरी बसत नाही. कुणाला हे पाप वाटेल. वाटो. नियम एकच होता, पुढे काय होतं ते कुणी फोडायचं नाही. फोडलं तर अख्ख्या खोलीचं पाणी तिने भरायचं, आणि हरमॅटनच्या कोरड्या वाऱ्यात विहिरीपर्यंत जाऊन बघा म्हणजे कळेल.

आजवर आमच्याकडे आल्या त्या कादंबऱ्या सगळ्या परदेशी. पांढऱ्याफटक पोरांच्या, जे रक्त पितात आणि पोरींच्या खिडकीखाली उसासे टाकत उभे राहतात. आम्ही वाचायचो, जीवही टाकायचो, पण मला आपलं वाटायचं, हा बाबा आमच्या एन्सुक्काला आला असता तर डासांनीच आधी याचं रक्त प्यायलं असतं.

मग आली ‘सात पाण्यांची लेक’. पहिल्या पानावर न्वाकाची आई चवळीचे अकारा वडे तळतेय, न्वाका शाळेचा गणवेश इस्त्री करतेय, आणि आरशात तिच्यामागे तीन मुली उभ्या आहेत. अगं बाई! आमच्याच घरातली भुतं, छापून! न्वाका ओग्बांजे असते. जन्माआधीच तिने पलीकडच्या मैत्रिणींना वचन दिलेलं असतं की मी फार दिवस राहणार नाही, परत येईन. अशी पोर जन्मते, मरते, त्याच आईच्या पोटी पुन्हा येते, पुन्हा मरते. कुठेतरी तिने एक दगड पुरून ठेवलेला असतो. तो सापडून फुटला तरच ती इकडची. आमच्या आज्यांनी हे सांगून सांगून आम्हाला घाबरवलं होतं, पण न्वाकाला स्वतःला काय वाटतं ते एकीनेही कधी सांगितलं नव्हतं. ते पुस्तकात होतं, म्हणून आम्ही त्यावर तुटून पडलो.

माझ्या वरच्या पलंगावर कोसी झोपायची. तिला सिकलसेल होता. महिन्या दीड महिन्यात हाडं अशी दुखायची की ती उशी चावायची. तिच्या आधीच्या तिन्ही बहिणी लहानपणीच गेल्या होत्या, आई तिच्या जन्मानंतर वर्षभरात. वाढवली आत्याने. बाबा डॉक्टरचं ऐकायचे, आत्या म्हणायची, डॉक्टरला काय कळतंय, पोर ओग्बांजे आहे. आम्ही बाकीच्या मजा म्हणून वाचायचो. कोसी मात्र परीक्षेचा निकाल लागल्यावर आपला नंबर शोधावा तशी वाचायची.

एकदा ती वरून डोकं खाली लोंबकळवत म्हणाली, “उगो, त्या मैत्रिणी न्वाकाला बोलावतात ना, त्या मला वाईट वाटतच नाहीत.”

“म्हणजे?”

“म्हणजे तिकडे कुणाचं काही दुखत नाही.”

“तिकडे भिजवलेली गारीसुद्धा मिळत नाही, साखर घालून तर नाहीच. गप झोप.”

ती हसली. मी मात्र हातातली गारीची वाटी खाली ठेवली.

पाचवा तुकडा कुठे संपत होता माहितीय? अंगणात कुदळी घेऊन माणसं उभी आहेत, सगळा गाव जमलाय आणि वैद्य न्वाकाला विचारतोय, “सांग पोरी, कुठे पुरलायस?” न्वाका हात उचलते. संपला तुकडा! मुनाला ब्लेड फिरवायला दुसरी जागा मिळाली नाही. आणि सहावा तुकडा शनिवारी सकाळच्या झडतीत मुनाच्या गादीखालून मेट्रनबाईंनी उचलून नेला.

त्याच शनिवारी कोसीला आत्याचा निरोप आला. उद्या भेटीचा रविवार, मी येतेय, सामान बांधून ठेव. गावाकडे एक माणूस ठरवलाय, तो विचारेल, तू जागा दाखवायची, मग खणायचं. दगड निघेपर्यंत शाळा नाही आणि डॉक्टरच्या गोळ्याही नाहीत, कारण गोळ्यांनी तो लपतो.

कोसी पलंगावर बसून राहिली. “बाबा?” मी विचारलं.

“आत्यापुढे बाबांचं तोंड कधी उघडलंय? गोळ्या थांबल्या की काय होतं ते तुला माहितीय. उगो, तो विचारेल तेव्हा मी काय दाखवू? मला खरंच माहिती नाही गं. न्वाकाने कुठली जागा दाखवली ते कळलं पाहिजे.”

एरवी मी म्हटलं असतं, अगं ती गोष्ट आहे. पण मलाही तेच जाणून घ्यायचं होतं. आम्ही दोघी मेट्रनबाईंच्या मागच्या दाराशी गेलो. बाई, म्हणजे मिसेस एने, गळ्यात शिट्टी घालून अकारा तळत होत्या.

“बाई, सीनियर मुनाच्या गादीखालचं ते...”

“तो कचरा? जाळला.”

कोसीचा चेहरा खर्रकन उतरला. बाईंनी झारा कढईवर आपटला. “आईबाप पोटाला चिमटा घेऊन शिकायला पाठवतात आणि तुम्ही भुतंखेतं वाचता! लाज कशी वाटत नाही?” मग त्यांनी अकारे उलटले, जरा थांबल्या आणि तेलाकडेच बघत म्हणाल्या, “पण ती आरशातली सगळ्यात धाकटी, ती हिची कोण गं?”

मी ओठ दाबले. “जाळलं ना बाई?”

“जाळता जाळता नजर पडली.”

“त्याला तिसरा तुकडा वाचावा लागतो.”

“मग आण ना तिसरा! पाचही आण! सुरुवातीचा पत्ता नाही आणि शेवट हातात, सकाळपासून डोक्याचा भुगा झालाय माझा. आणि हे बाहेर बोललात तर याद राखा.”

“आणि सहावा आम्हाला द्याल?”

“बघू.”

आम्ही पाचही नेऊन दिले. त्या संध्याकाळी जेवणाची शिट्टी होईचना. आम्ही ताटल्या घेऊन रांगेत उभ्या, आणि खिडकीतून बघतो तर बाईंच्या तोंडात शिट्टी आणि हातात चौथा तुकडा. मुलींना हसू आवरेना. कोसीसुद्धा हसली, पण तिचं सामान बांधून झालं होतं.

रविवारी प्रार्थनेनंतर बाईंनी मला एकटीला बोलावलं. त्यांचे डोळे सुजले होते. “आधी तू वाच. मग सांग, त्या पोरीला देऊ का.”

मी उभ्या उभ्याच वाचलं. न्वाका एका झाडाखाली बोट दाखवते. लोक खणतात, पांढरा दगड निघतो, फोडतात, नाचतात. तिची आई कित्येक वर्षांनी निवांत झोपते. पण तो दगड न्वाकानेच आदल्या दिवशी रस्त्यावरून उचलून तिथे पुरलेला असतो. खरा तिच्या जिभेखाली. आणि पहाटे ती मैत्रिणींचा हात धरून नदीत चालत जाते. इतकं गोड लिहिलं होतं की घटकाभर मलाही जावंसं वाटलं, आणि मग माझं डोकंच फिरलं. असली गोड मरणं लिहिणाऱ्यांना एकदा कोसीच्या उशाशी आणून बसवलं पाहिजे.

“नको,” मी म्हटलं. “आज नको.”

“मलाही तेच वाटलं,” बाई म्हणाल्या आणि तुकडा त्यांनी उशीखाली सरकवला.

कोसी बाहेर वाटच बघत होती. “वाचलास ना? खोटं बोलू नकोस, तुझे डोळे लाल झालेत.”

“पुढचं फोडायचं नाही. नियम आहे.”

“नियम घाल चुलीत. एवढंच सांग, जागा दाखवली का?”

“दाखवली. झाडाखाली.”

“दगड निघाला?”

“निघाला.”

“खरा होता?”

मी चपलेने माती उकरू लागले. कोसी नखं कुरतडू लागली. मग म्हणाली, “म्हणजे कुठलीही जागा दाखवली तरी लोक मानतात.” आणि तिच्या डोळ्यात काहीतरी चमकलं. मला ते अजिबात आवडलं नाही.

दुपारी आत्या आली. डोक्याला निळं कापड, एका हातात जोलोफ भाताचा मोठा डबा, दुसऱ्या हातात रिकामी पिशवी कोसीच्या कपड्यांसाठी. आल्या आल्या तिने कोसीचा दंड चाचपला. “काय ही काडी झालीय! खायला घालतात की नाही? चल, भात खा आणि निघू. गाडीवाला थांबायचा नाही.”

“आत्या, तो माणूस मला जागा विचारणार ना?”

“विचारेल. घाबरायचं नाही. तू दाखवायची.”

“मग गावाला कशाला जायचं? ते इथे आहे.”

आत्याचा हात डब्याच्या झाकणावरच थांबला. “इथे? कुठे इथे?”

कोसीने सरळ मेट्रनबाईंच्या दाराच्या पायरीकडे बोट केलं. बाई पायरीवरच उभ्या होत्या. बाईंनी “काय वेडेपणा आहे हा” एवढं म्हटलं असतं तर खेळ खलास.

आत्या ताडकन उठली. “बाई, तुमच्याकडे कुदळ आहे?”

बाईंनी पायरीकडे पाहिलं, कोसीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. सहाही तुकडे वाचलेली बाई ती, तिला समजायला कितीसा वेळ लागणार! त्या शांतपणे म्हणाल्या, “कुदळ आहे, पण खाली पाण्याचा पाइप आहे. इथे खणायचं तर प्राचार्यांना विचारावं लागेल, आणि ते तर चर्चचे पुढारी, असलं काही मानत नाहीत. त्यांना काय सांगणार आहात?”

आत्याने डोक्यावरचं निळं कापड सारखं केलं.

“आणि एक सांगू? तुम्ही जाणत्या आहात, मी काय सांगणार. पण वस्तू इथे आणि पोर तिकडे, हे बरं का? कुणी इकडून ती काढून नेली तर? त्यापेक्षा पोर इथेच राहू दे. माझं येणंजाणं या पायरीवरूनच आहे. मी राखीन.”

“आणि गोळ्या?” आत्याने संशयाने विचारलं.

“याच पायरीवर उभी करून देईन, रोज. म्हणजे त्या दगडालाही कळेल कोण वरचढ आहे ते.”

मी खोकल्याचं सोंग करून तोंड फिरवलं, नाहीतर फिसकन हसले असते. कोसीच्या गालावरही खळी पडली होती. आत्याने बराच विचार केला आणि मान हलवली. “ठीक आहे. राहू दे.”

जिंकलो! मी कोसीचा हात दाबला. पण आत्या जाईना. तिने चपला काढल्या, पायरीशी जाऊन गुडघे टेकले आणि जमिनीवर तळवा ठेवला.

“ऐकता का गं पोरींनो?” ती जमिनीला म्हणाली. भांडण नव्हतं आवाजात. “तिघींना तुम्ही नेलंत. त्यांच्या आईला उठवत नव्हतं, म्हणून तिघींना मीच मातीत घातलं. तिसरीच्या कानाला मी पुरण्याआधी चीर दिली. परत आली तर ओळखू यावी म्हणून. ही जन्मली तेव्हा सुईण म्हणाली मुलगी झाली, आणि मी आधी हिचा कान बघितला. चीर नव्हती. मला कळेना, आनंदाने नाचू की रडू. कारण तीच परत आली असती तर मी तिची माफी मागितली असती.”

कोसीची खळी कुठल्या कुठे गेली. तिचा हात आपोआप कानाकडे गेला. हे तिला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. मेट्रनबाईंनी शिट्टी मुठीत गच्च धरली होती.

कोसी हळूच जाऊन तिच्याशेजारी बसली. “आत्या, रडू नकोस. मी नाही जाणार.”

“मला नको सांगूस,” आत्या नाक पुसत म्हणाली. “मला सांगून काय उपयोग? त्यांना सांग.”

कोसीने माझ्याकडे पाहिलं. दगडबिगड काही नाही हे आत्या सोडून आम्हा तिघींना ठाऊक होतं. तिथे होती सिमेंटची पायरी आणि सकाळी सांडलेलं तेल. थाप म्हणून अजून एक वाक्य बोलायचं, त्यात काय एवढं? पण तिला ते बोलता येईना. तोंड उघडायची, मिटायची. तेव्हा मला कळलं, इतके दिवस ती जागा शोधत नव्हती. त्या पलीकडच्यांना येते म्हणायचं की येत नाही, हेच तिचं ठरलं नव्हतं.

मग तिने आत्याच्या हातावर आपला हात ठेवला आणि खाली वाकली.

“मी येत नाही,” ती म्हणाली. आणि मग मोठ्याने, रडत, “मला दुखतं. खूप दुखतं. तरी मी येत नाही. तुम्ही जा.”

आत्याने तिला पोटाशी घट्ट धरलं आणि दोघी त्या पायरीवरच बसून राहिल्या. थोड्या वेळाने मेट्रनबाई आत गेल्या आणि गोळी आणि पाणी घेऊन आल्या.