कडूबाची दौड

मला बसवत नाही. जेवायला पाटावर बसलो तरी एक पाय हलत असतो, आणि आमची माय सुभद्राबाई वाढता वाढता गुडघ्यावर पळीचा टोला देते. "उकंडा, पाय जाग्यावर ठेव रे बापा. लक्ष्मी जाते घरातून." लक्ष्मी आमच्या घरात आली कधी होती, हे मात्र तिनं आजवर सांगितलेलं नाही.

मी सरकारी डाकेचा हरकारा. खामगावला डाकेची थैली घ्यायची, घुंगराची काठी खांद्यावर टाकायची आणि पिंपळगाव राजाची वाट धरून पळत सुटायचं. ऊन असो की गुडघाभर चिखल, थैली थांबली नाही पाहिजे. देवानं मला नुसते पायच दिले. बाकीचं अंग त्यांच्यावर काहीतरी ठेवायचं म्हणून ठेवलं असावं.

माझा धाकटा भाऊ कडूबा नेमका उलटा. तो ओसरीवर बसला की ओसरी भरते. हैदर वस्तादाच्या तालमीत लहानपणापासून लोळलेला गडी, मान मांडीएवढी, आणि एकदा पाय रोवून उभा राहिला की चौघांना हलत नाही. जत्रेतल्या कुस्त्यांत त्यानं भल्याभल्यांना आभाळ दाखवलेलं. पण स्वभावानं इतका संथ, की त्याला हाक मारून तो वळेपर्यंत माझं निम्मं काम उरकलेलं असायचं. एका आईची लेकरं म्हणून कोणी ओळखलं नसतं.

असा हा कडूबा दिवाळी झाल्यावर एकदा माझ्यापुढं येऊन उभा राहिला.

"दादा, बुलढान्याले पोलिसात भरती हाय म्हने. मले जायाचं हाय."

"जाय ना मंग. तुले पाहूनच चोर खाली बसतीन."

"पयाले लागते तेथी. मैदानाचे फेरे. तू शिकोशीन काय मले पयाले?"

मी हसलो. तो हसला नाही. खाली बघत म्हणाला, "यंदाच हाय, दादा. पुढच्या साली माहं वय निंघून जाते."

मी विचारलं, काऊन बे, जत्रेतल्या कुस्त्या सोडून हे काय डोक्यात घेतलं? तर त्यानं नुसती मान हैदर वस्तादाच्या घराकडं केली. हैदर वस्ताद एके काळी मलकापूरपासून मेहकरपर्यंत गाजलेला पैलवान. आता गुडघे गेले होते. दिवसभर अंगणात बसून कापूस पिंजायचा, आणि उठायचं झालं की बायको सरवरी एका बाजूनं आणि भिंत दुसऱ्या बाजूनं. "तसं बसून नाई राह्याचं मले," कडूबा म्हणाला. "हे एवढं अंग केलं, ते कोठी तरी लागलं पाह्यजे." एवढं लांब बोलणं मी त्याच्या तोंडून प्रथमच ऐकलं.

वस्तादाला कळलं तेव्हा त्यानं पिंजण बाजूला ठेवली. "पैलवानानं पयू नाई बेटा. पयलं का अंग उतरते. सालोंकी मेहनत मिट्टी में." मग माझ्याकडं बघून म्हणाला, "याच्यासारखा काडी व्हशीन."

माझं डोकं तापलं. "चाचा, ताकद ताकद करता, ते असते कोठी? तुमचा पैलवान विहिरीपर्यंत पयत गेला तर पानी काढाले दम राह्यत नाई."

"ताकद मांडीत असते अन् मानंत," वस्ताद म्हणाला.

"छातीत असते. दमात."

"दम तं कुत्र्यालेबी असते बे."

आमचं हे भांडण तिथं संपलं नाही, पुढं महिनोन्‌महिने चाललं, आणि मधे कडूबा दोघांकडं आळीपाळीनं बघत उभा असायचा.

त्याला शिकवायचं म्हणजे काय, हे पहिल्याच दिवशी कळलं. डाक घेऊन मी निघालो, तो मागं. थैलीबरोबर दुसऱ्यानं पळावं की नाही याचा सरकारी नियम काय होता ते मी विचारायला गेलो नाही. पहिल्या नाल्याशीच तो खाली बसला. ओठ निळे पडले होते. मग लक्षात आलं की हा श्वासच सोडत नाही. कुस्तीत पकड घट्ट झाली की श्वास कोंडून धरायचा, ही त्याच्या अंगाची सवय. पळतानाही तो तेच करत होता. शिवाय अंग वाकवलेलं, दोन्ही हात पुढं पसरलेले. तो रस्त्यानं पळत नव्हता, रस्त्याला धरायला चालला होता.

"सोड बे श्वास! कोनी धरलं तुले?"

हळूहळू अंगानं ऐकलं. मी त्याला टाच अलगद टेकवायला शिकवलं, कोपर अंगाजवळ ठेवायला शिकवलं, चढावर पाऊल लहान करायला आणि पावलांच्या तालावर श्वास घ्यायला-सोडायला शिकवलं. त्याच्या मांड्या घासून सोलून निघायच्या, तो एरंडीचं तेल लावून पुन्हा यायचा. तालीम मात्र सोडली नाही. पहाटे जोर-बैठका, मग माझ्याबरोबर दौड, आणि संध्याकाळी लाल माती.

मी कधी कधी तालमीच्या दारात उभा राहून बघायचो. आत बसणं मला जमत नसे. हैदर वस्तादाचा तिथं एक कायदा होता, आणि तो त्यानं पोराटोरांच्याही हाडात मुरवला होता. दोन्ही खांदे मातीला लागले की कुस्ती संपली. मग वाद नाही, रडणं नाही, पुन्हा एकदा खेळू नाही. चिमूटभर माती कपाळाला लावायची, जिंकणाऱ्यासमोर मान लववायची आणि गुमान मातीच्या हौदाबाहेर यायचं. एकदा एक गडी पाय घसरून आपला आपणच चीत झाला आणि कुरकुरला, तर वस्तादानं त्याला आठ दिवस माती शिवू दिली नाही. "पाठ लागली ते लागली," वस्ताद म्हणायचा. "कशी लागली ते मातीले इचारू नको." मला हे पटत नसे, पण त्या तालमीतून भांडण घेऊन कोणी घरी गेलं नाही, हेही खरं.

होळी झाली, भरतीचा दिवस आला. आम्ही आदल्या दिवशी घाट चढून बुलढाण्याला गेलो. सकाळी मैदानावर दोर बांधलेला, भरतीची पोरं दोराच्या आत आणि बरोबरची माणसं बाहेर. मला दोराबाहेर एका जागी उभं राहायचं होतं. याहून मोठी शिक्षा इंग्रजाच्या कायद्यातही नसेल. मी दोर धरून इकडून तिकडं, तिकडून इकडं करत होतो. बाजूचा म्हातारा शेवटी वैतागून म्हणाला, "मुंग्या चढल्या काय बाप्पा?"

उंची झाली. छाती मोजताना जमादारानं फीत दोनदा लावली आणि साहेबाकडं वळून काहीतरी म्हणाला; साहेब मान वर करून कडूबाला बघून हसला. माझा ऊर असा भरून आला, की पुढं दौड आहे हेच क्षणभर विसरलो. मग आठवलं आणि दोर घट्ट धरला.

दौडीत जे पहिले पाच येतील तेवढेच घ्यायचे, असा हुकूम होता. पोरं सुटली. कडूबा पहिल्या फेऱ्याला मधे होता. दुसऱ्या फेऱ्याला हलकी पोरं दमायला लागली आणि तो तसाच येत राहिला, कोपरं अंगाशी, तोंड उघडं, श्वास पावलांवर. मी दोराच्या बाहेरून त्याच्या बरोबरीनं पळत होतो, लोकांच्या पायांवर पाय देत, शिव्या खात. शेवटच्या फेऱ्याला त्याच्यापुढं दोघंच होते. "झालं!" मी ओरडलो. "झालं लेका! असाच ये!"

धुरळा बसावा म्हणून वळणावर भिश्त्यानं पाणी मारलं होतं. तिथं त्याचा पाय सरकला. दोन्ही पाय वर गेले आणि एवढं मोठं धूड धाडकन उताणं पडलं. दोराबाहेरची सगळी माणसं हाय हाय करू लागली.

लागलं काही नव्हतं. तो लगेच उठला. मागची पोरं अजून लांब होती. आणखी दोघं त्याच्या पुढं निघून गेले असते तरी तो घेतला गेला असता. मी जीव तोडून ओरडलो, "पय बे! पय!"

कडूबानं हात मागं नेऊन पाठ चाचपली. बोटांना चिखल लागला. तो त्यानं पाहिला. मग खाली वाकून चिमूटभर माती घेतली, कपाळाला लावली आणि कोणापुढं मान लववावी म्हणून इकडंतिकडं पाहिलं. जिंकणारा कोणीच नव्हता. सगळे पळत होते. शेवटी त्यानं लांब खुर्चीवर बसलेल्या साहेबापुढं मान लववली, दोर उचलला आणि खाली मान घालून बाहेर आला.

मी त्याचा दंड धरून त्याला आत ओढू लागलो. "काय करून राह्यला बे? जाय ना! पय!" तो जागचा हलला नाही. माझे पायच मातीत सरकत राहिले. तेवढ्यात उरलेली पोरं फेरा पुरा करून पोचली.

जमादार धावत आला. "कुठं लागलं काय रे?"

"नाई जी."

"मग बाहेर का आलास?"

"पडलो," कडूबा म्हणाला.

जमादारानं माझ्याकडं पाहिलं, याचं डोकं ठिकाणावर आहे ना, अशा नजरेनं. मी त्याचे पाय धरले, एकदा पुन्हा पळू द्या म्हटलं. तो वाईट माणूस नव्हता. "दौड एकदाच असते बाबा," तो म्हणाला. "पुढच्या साली आण त्याला. असा गडी आम्हालाही पाहिजेच." पुढच्या साली! मला त्याच्या तोंडावर हसावं की रडावं कळेना.

परतीच्या वाटेवर मी पुढं पळत जायचो, राग मावत नाही म्हणून मागं यायचो, बोलायचो, पुन्हा पुढं जायचो. तो एका चालीनं चालत होता.

"काऊन थांबला तू?"

"पाठ लागली, दादा."

"कोनी पाडलं तुले? नाव सांग."

"कोनी नाई."

"मंग जितलं कोन?"

त्याच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं, पण पावलं तशीच. ते पाणी पाहून मला दया यायला हवी होती. मला आला संताप. घाटाच्या उतारावर मी पुढून वळून पळत आलो आणि सगळा जीव एकवटून त्याच्या छातीवर धडक दिली. वाटलं, हा इथं धुळीत आडवा व्हावा, आणि मग मी त्याला उठवून पळवावं. तो इंचभरही हलला नाही. मीच आपटलो, उताणा, दोन्ही खांदे रस्त्याला.

कडूबा लगेच दोन पावलं मागं सरला. मग पुढं वाकून त्यानं हात दिला. तालमीत हरलेल्याला देतो तसा, अगदी मायेनं. त्याच्या लेखी माझी कुस्ती तिथंच संपली होती. तो चेहरा मला बघवेना.

मी त्याचा हात झटकला. पाठीची धूळही न झाडता उठलो. "पडलो मी! पाह्यलं ना? दोन्ही खांदे लागले ना?"

"हाव," तो गोंधळून म्हणाला.

"मंग पाह्य आता!" असं म्हणून मी पळत सुटलो. खाली, वळणावर वळण घेत, पाठीला माती तशीच चिकटलेली. चिखलात, पुरात, काट्यांत मी अशी किती वेळा पाठ लावून घेतली असेल, आणि थैली तरी रोज पोचलीच. हे मी ओरडून सांगत होतो की नुसतं मनात म्हणत होतो, आता आठवत नाही. मागं काहीच आवाज नव्हता. वाटलं, उभाच असेल तिथं, खांबासारखा.

मग पावलं ऐकू आली. जड, पण एका तालात. श्वास पावलांवर पडत होता. तो माझ्या बरोबरीला आला, माझ्याकडं पाहिलं नाही, आणि पुढं गेला. असं पळताना मी त्याला एकदाही पाहिलं नव्हतं. एका वळणावर त्याचा पाय खडीवरून सटकला, तो कुशीवर पडला, लोळला, उठला आणि तसाच पळत राहिला.

समोरून बैलगाडी चढत होती. गाडीवानानं घाबरून बैल कडेला घेतले. "काय झालं भाऊ? कोन मांगं लागलं त्याच्या?"

"कोनी नाई!" मी ओरडलो. "पोलिसाची भरती हाय!"

"कधी?"

"झाली ना! सकायीच झाली!"

गाडीवान तोंड उघडं टाकून बघत राहिला. कडूबा पुढच्या वळणापाशी पोचला होता. मी त्याला हाका मारत होतो, थांब बे, थांब आता, असं रडत रडत ओरडत होतो, आणि तो थांबेना.