पाऊण सूत कमी

सुताराच्या धाकट्या मुलीला घरीदारी सगळे पाचर म्हणत. लहानपणी ती आईबापांच्या मधे अशी घट्ट घुसून झोपायची की दोघांना कूस बदलता यायची नाही. ही मुलगी नव्हे, पाचर आहे, असं बाप एकदा म्हणाला आणि तेच नाव चिकटलं. पुढे आई गेली, घर सांभाळायला थोरली आत्या आली, मधे झोपायला जागा राहिली नाही, पण नाव राहिलं. शाळेच्या दाखल्यावरचं खरं नाव वर्षातून दोनदा, परीक्षेच्या वेळी, बाहेर निघे.

त्या काळी तिच्या शाळेत एक सोय होती. नववीच्या सहामाहीनंतर ज्या मुलींना गणित झेपत नसे त्यांना ते सोडून गृहशास्त्र घेता यायचं. त्यासाठी एक छापील कागद मिळे. त्यावर मुलीची सही, बापाची सही, आणि शनिवारी शाळा सुटायच्या आत तो गणिताच्या बाईंच्या हातात द्यायचा. एकदा दिला की परत मागता येत नसे. गृहशास्त्रात नापास झालेली मुलगी कुणी पाहिली नव्हती. गणितात मात्र दरवर्षी चार-पाच जणी गळायच्या, आणि गळलेली मुलगी पुन्हा शाळेत दिसेलच असं नसे.

सोमवारी पेपर मिळाले. दहा उदाहरणं होती आणि पाचरची दहाही चुकली होती. गणिताच्या बाई कधी ओरडत नसत. त्यांनी पेपर दिला, त्याखाली तो छापील कागद ठेवला, आणि पुढच्या बाकाकडे वळल्या.

घरी तिच्यापुढे दोन बाजू होत्या आणि दोन्ही तिला पाठ होत्या.

एक बाजू आत्याची. पाचरची थोरली बहीण एका वर्षी नापास झाली होती. आत्याने दुसऱ्याच दिवशी तिचं दप्तर माळ्यावर टाकलं आणि तिला औषधांच्या कारखान्यात बाटल्यांना लेबलं चिकटवायला पाठवलं. सोळाव्या वर्षापासून तिच्या बोटांना डिंकाचा वास येत होता, आणि तो कशानेही जात नव्हता. आत्या दुष्ट नव्हती. तिचं म्हणणं एवढंच होतं, की जिथे पाय रुतला तिथे उभं राहून रडण्यात अर्थ नाही. पाचरला शाळा आवडायची. इतिहास आवडायचा, भाषा आवडायची, दुपारच्या सुट्टीनंतर वर्गात पसरणारी ती पेंगुळलेली शांतता आवडायची. बाटल्यांचं नाव काढलं की ती उठून अंगणात जाई.

दुसरी बाजू बापाची. तो अंक वाचायचा, सही करायचा, त्यापुढे अक्षरं त्याला फारशी ओळख देत नसत. हात मात्र असा होता की लोक त्याच्या दारांवरून बोट फिरवून बघायचे. एका मोठ्या कामात त्याला खिडक्यांच्या आठ चौकटी करायच्या होत्या. नकाशात लिहिलेलं माप भिंतीतल्या मोकळ्या जागेचं होतं, याने ते चौकटीच्या आतलं धरलं. आठही चौकटी सुबक झाल्या आणि एकही भिंतीत बसेना. नकाशा काढणारा तरुण पोरगा सगळ्या गवंड्यांसमोर म्हणाला, "मिस्त्री, वाचता येत नाही तर विचारायचं तरी." त्या चौकटी पुढे कितीतरी दिवस अंगणातल्या भिंतीला टेकून उभ्या होत्या, आणि आत्या त्यांवर कपडे वाळत घाली. त्या दिवसापासून बापाने ठरवलं होतं की पाचर नकाशे शिकणार. तसा वर्ग होता, मुलींनाही घेत, पण शाळेत गणित असायला हवं होतं.

म्हणजे गणित ठेवलं आणि बुडालं तर शाळाच संपणार होती, आणि सोडलं तर बापाची एवढी एकच गोष्ट जाणार होती.

तिने पेपर दोन दिवस दप्तरात दडवला. बुधवारी संध्याकाळी बापाने आपणहून विचारलं, आणि तो रंधा मारत असताना तिला एकेक उदाहरण मोठ्याने वाचून दाखवावं लागलं. बाप हूं हूं करत होता. सातव्या उदाहरणाला त्याचा हात थांबला. बारा फूट लांबीची फळी कापून चार सारखे तुकडे केले, तर प्रत्येक तुकडा किती लांबीचा?

"तू काय लिहिलंस?"

"तीन फुटांना पाऊण सूत कमी."

बापाने रंधा बाजूला ठेवला. त्यांच्या घरात हे सांगायची गरज नसे. चार तुकड्यांना तीन कापे लागतात, दर काप्याला करवत एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, लाकूड खाते, ती तीन सुतं चार तुकड्यांत वाटली की पाऊण सूत. पाचरने ते तोंडी केलं होतं, रोजच्या सवयीने. आपण काही वेगळं लिहितो आहोत हे तिच्या ध्यानातही आलं नव्हतं.

"हे बरोबर आहे," बाप म्हणाला. "तीन फूट लिहिणाऱ्याने जन्मात करवत धरली नसेल." मग तो हसला. आई गेल्यापासून तसं हसताना तिने त्याला पाहिलं नव्हतं. "बाकीचीही अशीच असतील. त्यांना कळलीच नसतील."

उरलेली तीन उदाहरणं बापाने वाचायलाच लावली नाहीत, आणि तिनेही वाचली नाहीत.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत बाप शाळेत आला. अंगात कामाचा सदरा, काखेत चार फुटांची लाकडी पट्टी आणि हातात करवत. बारा फुटांची फळी आणायची त्याची तयारी होती म्हणे, पण ती जिन्यात वळली नसती. शिपायाला वाटलं बाकं दुरुस्त करायला आला आहे, त्याने बिनबोभाट वर सोडलं. पाचरला वर्गातून बोलावणं आलं तेव्हा शिक्षकांच्या खोलीच्या दारात मुलींची ही गर्दी जमली होती.

बापाने गणिताच्या बाईंना नमस्कार केला, शिसपेन्सिलीने पट्टीवर फुटाफुटावर खुणा केल्या, बाईंनाच त्या मोजून बघायला सांगितलं आणि मग टेबलाच्या कडेला पट्टी धरून तीन कापे घेतले. भुसा तपासायच्या वह्यांवर पडला. शिवणाच्या बाई पदर नाकाला लावून खिडकीकडे सरकल्या. बापाने चारही तुकडे टोकाला टोक लावून ठेवले, बाजूने शाळेची फूटपट्टी चारदा लावली आणि म्हणाला, "बघा बाई. चार फूट भरतात का?"

बाई वाकल्या. चष्मा वर केला, खाली केला. तीन सुतं कमी होती, उघड उघड. मग त्यांनी पेपर मागितला, सातव्या उदाहरणावरची फुली खोडली आणि तिथे पूर्ण गुण दिले. दारातल्या मुलींमध्ये कुजबूज झाली.

"तुमचं बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "चूक माझी. करवत काही खात नाही असं धरा, हे मी लिहायला हवं होतं."

बापाने मान हलवली. तो काही जिंकल्यासारखा दिसत नव्हता. चौकटी परत आल्या त्या दिवसापासून वाकलेलं त्याच्यातलं काहीतरी जरा सरळ झाल्यासारखं दिसत होतं. बाई मात्र आता त्याच्याकडे बघतच नव्हत्या. पेपर हातात धरून त्या पाचरकडे बघत होत्या, आणि तिला कळलं की बाई वाट बघत आहेत. उरलेल्या नऊ उदाहरणांत कुठेही करवत नव्हती. तिथे नुसतं येत नव्हतं. बीजगणितातल्या अक्षरांच्या उजवीकडून डावीकडे उड्या कशासाठी मारायच्या हे तिला कधी उमगलंच नव्हतं. तिने तिथे आठवेल ते भरलं होतं. हे खोलीत दोघींनाच माहीत होतं. बाईंनी बोलायचं म्हटलं असतं तर बोलता आलं असतं. त्या बोलल्या नाहीत.

पाचरने खाली बघितलं. बापाने सदऱ्याच्या टोकाने टेबल पुसलं, तुकडे गोळा केले आणि तो निघून गेला.

संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं. शेजारचा पॉलिशवाला बापाचा जुना सोबती, तोंडाने तिखट. "काय मिस्त्री, शाळेला रंधा मारून आलात म्हणे," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्यासमोर म्हणायचा आणि बाप हातातलं काम न सोडता सगळी हकिकत पुन्हा सांगायचा. सांगताना शेवटी एक वाक्य वाढत गेलं. आधी पोरीचं एक उदाहरण बरोबर होतं, मग बरीचशी बरोबर होती, आणि शुक्रवारी सकाळी तो दूधवाल्याला सांगत होता की शाळेला तिचं गणितच समजत नाही. आत्या तेवढी चुलीपाशी बसून म्हणाली, "अरे, दहापैकी एक म्हणजे एकच." बापाने ऐकलं नाही.

शुक्रवारी शाळेतून आल्यावर पाचर आत गेलीच नाही. बाप ओट्यावर पटाशीने एका खुर्चीचा पाय तासत होता. ती समोर उकिडवी बसली. दप्तर पोटाशी धरलेलं.

"बाबा, उरलेली नऊ खरंच चुकली आहेत."

पटाशी चालत राहिली.

"करवतीचं त्यात काही नाही. मला येतच नाहीत."

"नऊच्या नऊ?"

"नऊच्या नऊ."

"मग काल शाळेत का नाही बोललीस?"

"तुम्ही करवत आणली होती," ती म्हणाली.

बापाने पटाशी खाली ठेवली. हाताच्या तळव्यावर चिकटलेली साल तो नखाने काढत बसला. समोरून एक बाई घागर घेऊन गेली, त्यांच्याकडे बघून काहीतरी बोलली, दोघांनाही ऐकू गेलं नाही. मग त्याने हिशेबी माणसासारखं विचारलं, पास व्हायला किती लागतात. चार, ती म्हणाली. आणि जीव तोडून अभ्यास केलास, कुणी बसून शिकवलं, तर वर्षअखेर किती येतील?

हे तिने स्वतःला आठवडाभर विचारलं होतं. खोटं बोलणं सोपं होतं, आणि ते खोटं त्याला आवडलं असतं.

"तीन," ती म्हणाली. "कधी चार. कधी दोन."

"आणि तुला काय हवंय?"

घरात हे कुणी कुणाला विचारत नसे. "मला शाळेत राहायचंय."

बाप उठला, आत गेला. आत्याशी दोन शब्द बोलला असावा, कारण ती पदराला हात पुसत दारापर्यंत आली आणि काही न म्हणता परत फिरली. हे आत्याच्या बाबतीत क्वचितच घडे. बाप चष्मा लावून बाहेर आला. तिने दप्तरातून काढलेला छापील कागद त्याने मांडीवर घेतला आणि कुठे सही करायची ते बोट ठेवून दाखवायला सांगितलं. त्याची सही म्हणजे चार अक्षरं, एकेक सुटी कोरलेली. तिसऱ्या अक्षराला तो थांबला. तिला वाटलं, आता हात मागे घेईल. त्याने चौथं अक्षर पुरं केलं.

"मला वाटलं होतं..." तो म्हणाला, आणि काय वाटलं होतं ते न सांगता त्याने कागद फुंकून वाळवला.

शनिवारी बाईंनी कागद घेतला, दोन्ही सह्या बघितल्या. "घरी सांगितलंस?" त्यांनी विचारलं. पाचरने मान डोलावली. बाईंनी कागद वहीत ठेवला आणि म्हणाल्या की गृहशास्त्राचा वर्ग खालच्या मजल्यावर, नळाशेजारच्या खोलीत भरतो. तिने जावं म्हणून त्या जरा बाजूला सरकल्या, एखाद्या मोठ्या माणसाला वाट द्यावी तशा.

त्याच संध्याकाळी पॉलिशवाल्याने पुन्हा चेष्टा काढली. पाचर आत दिवा पुसत होती, तिला सगळं ऐकू येत होतं.

"मग मिस्त्री, शाळेने माफी मागितली का?"

"एकाच उदाहरणाची," बाप म्हणाला. "उरलेली नऊ चुकली होती. मला ठाऊक नव्हतं. तिने सांगितलं."

"आता?"

"सोडलं तिने गणित."

पॉलिशवाला एरवी शब्दाला शब्द लावणारा. आज नुसतं त्याचं फडकं पुन्हा लाकडावर फिरू लागलं.

पाचर शिकत राहिली. दहावी झाली, पुढेही शिकली. बाप तिला कधी टोचून बोलला नाही. पण कामाचे नकाशे येतच राहिले. गुंडाळी आली की तो ती एक-दोन दिवस कोपऱ्यात उभी ठेवायचा. मग पॉलिशवाल्याच्या सुनेला हाक मारायचा, ती शिकलेली होती, तिला मापं वाचता यायची. सून यायची, डोक्यावरचा पदर सावरून ओट्यावर बसायची, आणि नकाशा पसरला जायचा. गुंडाळी दोन्ही बाजूंनी पुन्हा वळायची. कुणाला तरी कडा दाबून धराव्या लागत. बाप वर बघायचा नाही, नुसता म्हणायचा, "पाचर, ये गं." ती यायची, दोन्ही हातांनी कागदाच्या कडा दाबून बसायची, आणि सून मापं वाचायची, बाप ती लाकडावर उतरवायचा, वाचून होईपर्यंत.