फक्त एका मुलीचं प्रकरण

बल्ब लागला नाही म्हणून माझ्या मुलीला शाळेतून काढलं. हसू नका. अगदी असंच झालं, आणि "अहो, एवढंच कसं असेल, काहीतरी केलंच असणार पोरीने," असं ज्याला वाटतंय त्याने आधी माझं ऐकून घ्यावं.

आमच्या लोकांचा एक आवाज आहे. ओठ जरा पुढे काढायचे, दात आवळायचे आणि फटीतून हवा आत ओढायची. त्स्स्स्. आमची माणसं जमैकातून बर्मिंगहॅमला आली तेव्हा पेटीबरोबर हाही घेऊन आली. भात खाली लागला, त्स्स्. नाक्यावरून बस सुटली, त्स्स्. वेस्ट इंडिजची विकेट पडली की आमच्या अख्ख्या गल्लीतून एकदम ऐकू येतो. मी स्वतः बस चालवते. लोक त्स्स् करत चढतात, त्स्स् करत उतरतात. तेवढ्यासाठी एकेकाला खाली उतरवायचं ठरवलं तर मला रिकामी बसच पळवावी लागेल.

नियम एकच. मोठ्या माणसाच्या तोंडावर करायचं नाही. माझी आई इसिल्डा या बाबतीत महाकडक. लहानपणी मी तिच्यासमोर एकदा केलं, तर अशी सणसणीत बसली की दुसऱ्या दिवशी शाळेत सुजलेला ओठ घेऊन गेले. माझी पहाटेची पाळी असते, त्यामुळे रेनेलला वाढवलं ते आईनेच. तो नियम पोरीच्या हाडामांसात आहे.

रेनेल पंधरा वर्षांची, शाळेच्या शेवटच्या वर्षात. मे महिन्यात मोठी परीक्षा. तिला विजेचं भारी वेड. आजीचा टेबलावरचा दिवा, चर्चमधला स्पीकर, माझी इस्त्री, सगळं उघडून बसायचं आणि पुन्हा चालू करून द्यायचं. भौतिकशास्त्रात चांगली श्रेणी आणली की कॉलेज, मग इंजिनियरिंग, असं तिचं केव्हाचं ठरलेलं. कॉलेजने जागाही देऊ केली होती, फक्त निकाल यायचा बाकी होता.

तर त्या दिवशी प्रयोगाच्या तासाला तिने तारा जोडल्या आणि बल्ब लागला नाही. तिने बल्बकडे बघून त्स्स् केलं. मागे मिस्टर लडलो उभे होते.

"कुणाला केलंस ते?"

"बल्बला, सर."

वर्ग हसला. बस्स, तिथेच माशी शिंकली. लडलोसाहेबांना वाटलं आपली टिंगल चाललीय. बाहेर हो म्हणाले. ही म्हणाली, "पण सर, खरंच बल्बला." झालं, उलट उत्तर दिलं. आज्ञा मोडली. शिक्षकाचा अपमान केला. आणि तिच्या नावावर आधीचं होतंच: वेण्यांत लाल दोरा घातला, कॉरिडॉरमध्ये कोट काढला नाही, आणि "का?" असं विचारलं. दर वेळी भिंतीकडे तोंड करून एका खोलीत बसवायचे, नाहीतर घरी पाठवायचे. आता मुख्याध्यापक पेम्बर्टन यांनी कायमचं काढलं. बोर्डाच्या परीक्षेच्या तोंडावर!

एक मार्ग उरला होता. शाळेच्या कारभाऱ्यांपैकी तीन जण, ज्यांना इथे गव्हर्नर म्हणतात, ते बसून ऐकून घेणार आणि काढायचं की परत घ्यायचं ते ठरवणार. त्याआधी पेम्बर्टनने आम्हाला भेटायला बोलावलं. आई म्हणाली, मी येणार. चर्चची जांभळी टोपी घातली, हातमोजे घातले. म्हटलं, "आई, लग्नाला नाही चाललोय आपण." तर म्हणते, "हेडमास्तरांकडे जातोय ना? मग नीटनेटकं जायचं."

हा पेम्बर्टन गोड बोलणारा माणूस. आईला खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाला, "रेनेलने आपली चूक मान्य केली, तर गव्हर्नर लोक नक्कीच सहानुभूतीने बघतील."

रेनेल म्हणाली, "पण मी त्यांना केलंच नाही."

आणि माझ्या आईने तिच्या दंडाला धरलं. "रेनेल. सरांची माफी माग. नीट माग."

"आजी, पण मी..."

"माग म्हणते ना!"

पोरीने माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडेपर्यंत तिने मान खाली घालून म्हणून टाकलं, "सॉरी, सर. पुन्हा नाही करणार." आईचा चेहरा खुलला. तिच्या गावच्या शाळेत मास्तर छडी मारायचे, पोर माफी मागायचं, आणि गुपचूप जागेवर जाऊन बसायचं. विषय मिटला. तिला वाटलं इथेही मिटला.

पेम्बर्टनने ते लिहून घेतलं. घरी येताना आईवरच्या रागाने माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

रविवारी चर्चमध्ये साक्ष द्यायची वेळ असते. ज्याला देवाचे आभार मानायचेत त्याने उठायचं आणि सांगायचं. कुणाचा गुडघा बरा झालेला असतो, कुणाच्या मुलाला नोकरी लागलेली असते. मी तिथे रविवारच्या शाळेत पोरांना शिकवते, पण साक्षीला कधी उठत नाही. त्या दिवशी उठले. सांगितलं सगळं, बल्बसकट. वाटलं होतं लोक "देव बघून घेईल" म्हणतील. पण सगळे आपापल्या बुटांकडे बघत बसले. मग माझं डोकंच फिरलं.

"अशा माना काय घालताय खाली? अजून कुणाकुणाच्या पोरांना त्या शाळेने काढलंय? उभे राहा ना!"

मग सिस्टर लॉर्ना उठली. ही बाई वर्षभर आम्हाला सांगत होती की तिचा मुलगा लेस्टर शहरात बापाकडे राहायला गेलाय. "कुठे गेलाय लेस्टरला," ती म्हणाली. "माझ्याकडेच राहतो. काढलं त्याला. रोखून बघतो म्हणे." तिच्या मागचे जोशुआचे आईवडील उठले. त्याने केस फार बारीक कापले होते. मग डाव्या बाजूचा बाक, मग मागचा. दोन सख्ख्या बहिणी उठल्या आणि एकमेकींकडे बघतच राहिल्या, दोघींनी एकमेकींपासून लपवलेलं होतं. शेवटी व्यासपीठावर पास्टर ग्रँट नुसते हात वर करून उभे राहिले. त्यांचा नातू. शाळेच्या दाराशी चार जणांत उभा होता म्हणून टोळी केली म्हणे.

अहो, काय लाज बाळगून बसलो होतो आम्ही! ज्याला त्याला वाटत होतं आपलंच पोर वाया गेलं, आपलंच वळण कमी पडलं. आणि इकडे माझ्या गोऱ्या शेजारणीचा, ट्रेसीचा कॅलम. त्याच शाळेत, त्याच वर्षी त्याने खिडकीतून खुर्ची फेकली. ट्रेसीनेच मला सांगितलं, सोन्यासारखी बाई आहे ती. त्याला एक दिवस घरी बसवलं आणि मग बोलायला एक ताई दिली, की बाळा, तुला राग कशाचा येतो. चांगलं केलं. द्यायलाच हवी अशी ताई. पण आमच्या पोरांच्या वाटच्या ताया कुठे मेल्या सगळ्या?

गव्हर्नर मंडळापुढे आम्ही तिघी गेलो. आईने पुन्हा तीच टोपी घातली होती. मधोमध मिसेस व्हिटलॉक, गळ्यात मोत्यांची माळ, आणि दोन बाजूंना दोन पुरुष. पेम्बर्टनने वाचून दाखवलं, "सदर विद्यार्थिनीने शिक्षकाप्रति आक्रमक आवाज काढला. तिने कुटुंबासमक्ष गुन्हा कबूल करून माफी मागितली आहे."

माझ्या शेजारी आईचे हातमोज्यातले हात थांबले. इतका वेळ ती पर्सचा बंद कुरवाळत होती.

मी बोलले. चर्चमध्ये कोण कोण उठलं ते सांगितलं, रोखून बघणं, केस, टोळी, सगळं. कॅलमची खुर्ची सांगितली, नाव न घेता. मिसेस व्हिटलॉकने मान हलवत ऐकलं आणि म्हणाली, "मिस पिनॉक, तुमची तळमळ मी समजू शकते. पण आज आपण फक्त एका मुलीचं प्रकरण बघतोय."

"आणि लॉर्नाच्या मुलाच्या वेळी?"

"त्या वेळी त्या मुलाचं पाहिलं असेल."

"आणि पास्टरांच्या नातवाच्या वेळी त्याचं एकट्याचं! मग सगळी मिळून तुम्ही बघता तरी कधी, बाई?"

"कृपया आवाज कमी ठेवा."

मी आवाज कमी केला. गरज माझी होती ना! पोरीचं वर्ष त्यांच्या हातात होतं.

मग मिसेस व्हिटलॉकने रेनेलला विचारलं, "तू शिक्षकांना केलं नव्हतंस, तर माफी का मागितलीस?"

रेनेलने नुसतं म्हणायचं होतं, आजीने मागायला लावली. तेवढं म्हटलं असतं तर कदाचित काही झालं असतं. पोरीने ओठ घट्ट मिटले. परक्या माणसांसमोर आजीला खाली पाहायला लावायचं नाही, हेही तिला आजीनेच शिकवलेलं.

आई उठली. "मी मागायला लावली," म्हणाली. "पोर नाही म्हणत होती. मी दंड धरला. चूक माझी आहे."

"धन्यवाद, मिसेस पिनॉक. आपण बसा."

"मी मागायला लावली म्हणतेय मी."

"आम्ही नोंद घेतली. बसा, प्लीज."

आम्हाला बाहेर बसवलं. रेनेल आजीचा हात धरून बसली होती, आणि मी समोरच्या भिंतीवरचे पोरांचे फोटो बघत होते. "आमचा अभिमान" असं वर लिहिलेलं. थोड्याच वेळात आत बोलावलं, तेव्हाच मी ओळखलं. एवढ्यात काय बोलले असतील? मिसेस व्हिटलॉकने वाचलं की मुख्याध्यापकांचा निर्णय योग्य आहे, विद्यार्थिनीने स्वतः कबुली दिलेली असल्याने शंकेला जागा नाही, आणि रेनेलला पुढच्या आयुष्यासाठी आमच्या शुभेच्छा.

शुभेच्छा!

मी काहीतरी बोलणारच होते. पण आई उभी राहिली. तिने टोपी सरळ केली, हातमोजे बोटाबोटातून ओढून नीट बसवले. आणि मग माझ्या आईने, जिने एका त्स्स् साठी माझा ओठ फोडला होता, मिसेस व्हिटलॉककडे बघितलं, पेम्बर्टनकडे बघितलं, दोन्ही पुरुषांकडे बघितलं, आणि ओठ पुढे काढून त्स्स् केलं. एवढं लांब की संपेचना. माझ्या जन्मात मी असलं ऐकलं नव्हतं.

"हे तुम्हाला होतं," आई म्हणाली. "तुम्हाला चौघांना. लिहून घ्या. पोरीचं बल्बला होतं."

आणि पर्स उचलून चालू पडली. रस्त्यावर आल्यावर मला तिला बसस्टॉपवर बसवावं लागलं. "माफी मागायला नको होती लावायला," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती. रेनेल तिच्या टोपीवरची पिन नीट करत म्हणाली, "असू दे गं, आजी." इतके दिवस आईवर धरलेला राग आता धरवेना, आणि तो ठेवायला दुसरी जागाही मिळेना.

सोमवारी रेनेलला त्या दुसऱ्या केंद्रावर सोडायला गेले. काढलेली पोरं जिथे पाठवतात ते. गोदामाशेजारची बैठी इमारत, जाळीचं कुंपण. दारावरच्या बाई स्वभावाने बऱ्या होत्या. रेनेलने पहिलाच प्रश्न विचारला, "मिस, फिजिक्स कधी असतं?"

"फिजिक्स नाही गं इथे. गणित आहे, इंग्रजी आहे, स्वयंपाक आहे."

रेनेलने तोंडातून आवाज काढला नाही. कुणाला चुकून ऐकू जाईल म्हणून की काय, श्वाससुद्धा रोखून धरल्यासारखी उभी राहिली.

बाईंनी आतलं दार उघडलं. अंगणात पोरं भिंतीला टेकून उभी होती. लॉर्नाचा मुलगा. बारीक केसांचा जोशुआ. त्या दोघी बहिणींची दोन. पास्टर ग्रँटचा नातू, शर्टाचं वरचं बटण लावून. मला बघितल्यावर सगळी भिंतीपासून सरळ झाली, खिशातले हात बाहेर काढले, आणि मी त्यांना रविवारच्या शाळेत शिकवलंय तसं, एका सुरात म्हणाली, "गुड मॉर्निंग, मिस पिनॉक."