कोरगावच्या तांबड्या बोर्डाची लाज

मी एका मिनीबसचा जुना बोर्ड आहे. हातभर लांब, पत्र्याचा. आज कोरगावातल्या एका घराच्या पडवीत मला काळा रंग लावून टांगले आहे. मित्रांनो, जुन्या वस्तू आपल्या कामगिरीच्या गोष्टी अभिमानाने सांगतात. मला मात्र माझी गोष्ट मान खाली घालूनच सांगावी लागणार आहे.

माझा जन्म पेडण्याच्या एका पेंटरच्या हातून झाला. सगुण नावाच्या तरुणाने नवी मिनीबस घेतली होती. बस सकाळी पेडणे ते कोरगाव धावणार होती आणि दुपारी पेडणे ते इब्रामपूर, म्हणून बोर्डही दोन हवे होते. सगुण पेंटरला म्हणाला, "कोरगावचो तांबडो कर. कोपऱ्यात एक काजू काढ. इब्रामपूरचो हिरवो कर, त्येच्यार फणस काढ. आमच्या बायलमाणसांक वाचूंक येना रे, रंग बगून चडतली."

किती मोठ्या मनाचा मालक, असे मला तेव्हा वाटले. पेंटरने तांबड्यावर पांढऱ्या रंगाने 'कोरगाव' लिहिले. त्याचा हात जड होता, अक्षरांवर रंगाचा जाड थर बसला. ते जाड अक्षर पुढे कामी येईल, हे त्याला काय ठाऊक!

अठ्ठावीस वर्षे मी काचेमागे उभा राहिलो. भाजी विकणारी पद्मावतीबाय रिकाम्या टोपल्या घेऊन बसमध्ये चढताना रोज म्हणायची, "सगुणबाब, तुजो तांबडो बोर्ड दिसलो काय जीव थंड जाता. बाकीच्यांचे बोर्ड म्हणजे माका नुसती मुयांची रांग!" मुयो म्हणजे मुंग्या. लोक हसायचे आणि मी काचेमागे फुगायचो.

एक गोष्ट मात्र मी पाहत होतो. कुणी कागद पुढे केला की सगुण म्हणायचा, "चश्मो घरा रवलो. तूच वाच." आम्हा दोघा बोर्डांपैकी मला उचलताना तो अक्षरांकडे पाहायचा नाही, माझ्या काजूवर अंगठा फिरवायचा. मला ती माया वाटायची.

पाच वर्षांपूर्वी सगुणाने बस विकली. आम्हा दोघांना घरी आणून पडवीतल्या सोप्याच्या, म्हणजे बसायच्या कट्ट्याच्या, वर भिंतीला टांगले. सगुणाचा मुलगा सुदेश बोटीवर असतो. घरात सून विनिता आणि नात हर्षा. विनिता कारखान्यात कामाला जाते, त्यामुळे दिवसभर आजो आणि नात माझ्याखाली बसलेली असत.

हर्षा चार वर्षांची असेल. आजोने एकदा माझ्याकडे बोट दाखवून विचारले, "ह्यो बोर्ड खंयचो गो?"

"कोरगाव!"

"आनी ह्यो?"

"इब्रामपूर!"

पाव विकणारा पावकार सायकल टेकवून उभा होता, तो थक्क झाला. "अरे देवा! चार वर्सांचा चेडू आनी वाचता? सगुणबाब, ह्या कलेक्टर जातला!"

त्या दिवशी हर्षाला एक गरम उंडा, म्हणजे गोल पाव, जास्त मिळाला. मग हा खेळ रोजचाच झाला. पाहुणा आला की त्याला चहाआधी आम्ही दोघे. 'कलेक्टर' हे नाव वाडीभर पसरले. खरे सांगू? हर्षाची नजर माझ्या अक्षरांवर एकदाही थांबली नव्हती. ती तांबडा रंग पाही, काजू पाही आणि ओरडे. मला ते रोज दिसत होते, आणि रोज टाळ्या ऐकून मी चमकत होतो.

विनिताला ते पहिल्या आठवड्यातच कळले. ती सुट्टीच्या दिवशी कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर एकच अक्षर काढायची आणि त्याचा आवाज लांबवायची. "म्म्म्म. ओठ मिटून. आता त्येका काना लावया. म्म्म… आ. मा." मग 'मा'च्या पुढे 'ळ' लिहून दोन्ही आवाज हळूहळू जवळ आणायची. "मा… ळ. मा-ळ. माळ!"

हर्षा कंटाळायची. "माका येता सगळा!" म्हणत माझ्याकडे पळायची. एकदा विनिताने पेन्सिलीने कागदावर 'कोरगाव' लिहिले आणि विचारले, "ह्या काय?"

हर्षाने कागद उलटा केला, सुलटा केला. "आई, ह्येचो रंग खंय गेलो?"

विनिता सासऱ्याकडे वळली. "बाबा, ता वाचीत नाय. ता वळाखता."

"वळाखला म्हणजेच वाचला!" सगुण हसला. "तू उगीच तिका पिडू नुको."

मित्रांनो, त्या क्षणी माझा खिळा निसटून मी खाली पडलो असतो तर बरे झाले असते. पण मी भिंतीवर मिरवत राहिलो.

हर्षा सहा वर्षांची झाली. पहिलीची शाळा सुरू व्हायला तीन आठवडे होते. आजो तिला घेऊन दप्तर आणायला पेडण्याच्या बाजारात गेला. पुढचे मी पाहिलेले नाही. संध्याकाळी पद्मावतीबाय आमच्या सोप्यावर पाय चोळत बसली होती, तिच्या तोंडून ऐकले.

परतताना स्टँडवर दोन बस उभ्या होत्या. एकीवर पांढरा बोर्ड, काळी अक्षरे. दुसरीवर तांबडा बोर्ड. सगुणाने चारचौघांना थांबवले. "रवात हां. आमचा चेडू वाचतला. हर्षा, आमची बस खंयची?"

हर्षाने तांबड्याकडे बोट केले. "कोरगाव!"

आजो चढला, नात चढली आणि मागोमाग विश्वासाने पद्मावतीबायही चढली. बस सुटली आणि भलत्याच वाटेला वळली. कंडक्टर तिकीट घ्यायला आला. "कोरगाव? आजोबानू, ही बस पत्रादेवीक वता. बोर्ड वाचूंक नाय?"

मागच्या सीटवरून कुणीतरी म्हणाले, "बोर्ड कलेक्टरान वाचलो!"

सगळी बस हसली. हर्षाने नवे दप्तर तोंडावर धरले. तिघे मध्येच उतरली आणि भर उन्हात चालत स्टँडवर परतली.

घरी आल्यावर हर्षाने दप्तर सोप्याच्या कोपऱ्यात ढकलले. "माका शाळेत धाडू नुका," एवढेच म्हणाली.

विनिताने ते दप्तर उचलून मांडीवर घेतले. मग हलक्या आवाजात म्हणाली, "ता ल्हान, बाबा. पण तुमी शेजारी आसलात. तुमी बोर्ड बगूंक नाय?"

सगुण म्हणाला, "चश्मो…" आणि तिथेच थांबला. चष्मा त्याच्या नाकावर होता.

तेव्हा मला सगळे उमगले. तांबडा रंग बायलमाणसांसाठी नव्हता, निदान केवळ त्यांच्यासाठी नव्हता. माझ्या काजूवरून फिरणारा अंगठा मायेचा नव्हता, तो वाट चाचपत होता. सगुणाला वाचता येत नव्हते. अठ्ठावीस वर्षे तो माझ्या मागे लपला होता आणि मी ते प्रेम समजून मिरवले. आणि आता त्याची नातही माझ्याच मागे लपायला शिकली होती. मित्रांनो, पत्र्याला घाम येत नाही म्हणून बरे.

पुढचे तीन दिवस विनिताने कागद घेतला की हर्षा डोळे घट्ट मिटून घ्यायची. रागवून उपयोग नाही, हे विनिताला ठाऊक होते. ती कागद घडी घालून ठेवायची. शाळा मात्र दिवसादिवसाने जवळ येत होती.

चौथ्या दिवशी सकाळी सगुणाने मला खिळ्यावरून काढले. काळ्या रंगाचा डबा उघडून माझ्याशेजारी ठेवला आणि नातीला बोलावले.

"हर्षा, माकाय वाचूंक येना."

तिने एक डोळा उघडला. "खोटा!"

"खरा. रंग बगून गाडी हाकली मी. तुका लज जाता ना गो? माका तर इतकी वर्सां जाता."

दारात उभ्या विनिताने चौकट धरली. हर्षाने दुसराही डोळा उघडला. खूप विचार करून तिने विचारले, "तुका कोण शिकयतला?"

"तुजी आई. मारता काय गो ती?"

"ना. पण परत परत म्हणूंक लायता."

आजोने ब्रश बुडवला. माझा तांबडा रंग गेला, काजू गेला, अक्षरे गेली. मला वाईट वाटायला हवे होते. पण खोटी टाळी अंगावरून पुसली जावी, तसे वाटले.

मग माझ्यावर रोज खडू चालू लागला. विनिता एक अक्षर काढायची आणि दोघे ओठ मिटून "म्म्म्म" करायची. पावकार थांबून विचारायचा, "सगुणबाब, घरात म्हशी घेतल्यात काय?" सगुण मान न वळवता म्हणायचा, "दोन घेतल्यात. एक म्हातारी." हर्षा भराभर पुढे गेली. सगुण अडखळायचा, काना विसरायचा, पुन्हा मागे यायचा. विनिता दोघांनाही तितकाच वेळ द्यायची. कुणी चुकले तर ती "नाय" म्हणत नसे, फक्त आवाज पुन्हा लांबवून ऐकवायची.

शाळेच्या दोन दिवस आधीची सकाळ. ऊन पडवीत तिरके आले होते. हर्षा मला पुसता पुसता थांबली. "आजो, हय कायतरी आसा!"

पेंटरच्या जड हाताची ती जाड अक्षरे काळ्या रंगाखालून उंचवट्यासारखी दिसत होती. रंग नाही, चित्र नाही. हर्षाने त्यांवरून बोट फिरवले. "को… र… गा… व." तिचे डोळे मोठे झाले. ती ओरडली नाही. तिने आजोचे बोट धरले आणि पहिल्या अक्षरावर ठेवले. "तू सांग. मी सांगूचंय नाय."

सगुणाचे बोट उंचवट्यावरून हळूहळू फिरले. "क… को." मग थोडे सरकले. "र." ते मागे आले, पुन्हा पुढे गेले. "गा… व."

"एकदम म्हण."

"कोरगाव." त्याने बोट पुन्हा सगळ्या नावावरून फिरवले. मग म्हणाला, "हो तर आमचोच गाव गो!"

"आता इब्रामपूर हाडूया?"

"रव गो बाये. माका दम खावंदी!"

मित्रांनो, इतकी वर्षे मी ते नाव अंगावर घेऊन फिरलो, पण आजोने आणि नातीने मला प्रथम वाचले ते मी काळा झाल्यावर. माझी लाज त्याने पुरती गेलेली नाही, आणि जावी असेही मला वाटत नाही. तिच्यामुळेच तुम्हाला हे सांगतो आहे. तुमच्या धाकट्या भावंडाने ओळखीचा शब्द झटकन म्हटला तर त्याचे कौतुक करा, पण त्याने कधी न पाहिलेला एखादा शब्दही त्याच्यापुढे ठेवा. ते अडले तर हसू नका, आवाज लांबवून ऐकवा. आणि घरातले कुणी मोठे माणूस चष्मा विसरलो म्हणत कागद तुमच्याकडे सरकवत असेल, तर चारचौघांत काही विचारू नका. नंतर त्याच्या शेजारी जाऊन बसा.

माझ्यासाठी एवढेच करा. मला पुन्हा रंगवू नका आणि पुसताना कोरडे फडके घ्या, ओल्याने पत्रा गंजतो. हातही जरा हलका ठेवा. काळ्या रंगाखाली एक गाव आहे, आणि हर्षा दप्तर घेऊन शाळेत गेली की सगुण अजून रोज सकाळी तो बोटाने वाचतो.